शेफ संघटनेचे मेळावे, स्पर्धा आणि २० ऑक्टोबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की माझा फोन वाजायला लागतो. मी पुण्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये सू शेफ, म्हणजे हेड शेफच्या खालोखालचा शेफ, आहे आणि बरीच वर्षं शेफ संघटनेचा सभासद आहे. पदाधिकारी नाही. पण मेळाव्याला नोंदणीच्या टेबलावर बसायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावर येते, त्यामुळे माझा नंबर या किचनमधून त्या किचनमध्ये फिरत राहतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आमच्याकडे कार्यक्रमांची गर्दी असते आणि प्रश्न दर वर्षी जवळपास तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

शेफ संघटना म्हणजे युनियन का?

नाही. पगारवाढ, बोनस, मालकाशी बोलणी ही कामं इथे होत नाहीत. शिकणं, शिकवणं, स्पर्धा भरवणं आणि एकमेकांना ओळखणं यासाठी ही संस्था आहे. पश्चिम भारतासाठी मुंबईत वेस्टर्न इंडिया कलिनरी असोसिएशन आहे, बोलताना सगळे ‘विका’ म्हणतात. गोव्यात कलिनरी फोरम ऑफ गोवा, दिल्लीत इंडियन कलिनरी फोरम, चेन्नईत साउथ इंडिया कलिनरी असोसिएशन. देशपातळीवर इंडियन फेडरेशन ऑफ कलिनरी असोसिएशन्स, म्हणजे ‘इफ्का’, आणि जगाच्या पातळीवर वर्ल्डशेफ्स. ही जागतिक संघटना ऑक्टोबर १९२८मध्ये पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात स्थापन झाली. १७ देशांतले ६५ प्रतिनिधी जमले होते आणि नावाजलेले फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए पहिले मानद अध्यक्ष झाले. तुमच्या किचनमध्ये कोमी (शिकाऊ मदतनीस), सीडीपी (एका विभागाचा प्रमुख), सू शेफ अशी जी शिडी आहे, ती बसवली ती याच माणसानं.

मुंबईला मात्र एकमेकांना धरून राहणारे स्वयंपाकी त्याही आधीपासून माहीत आहेत. धोबी तलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या जागा, होते, काही आजही आहेत. बोटीवर जाणारे आचारी आणि खलाशी तिथे उतरायचे, ट्रंक ठेवायचे, कुठल्या बोटीवर जागा आहे याची खबर एकमेकांना द्यायचे. आजच्या मेळाव्यात चहाच्या कपाबरोबर जी बोलणी होतात, त्यातली निम्मी अजूनही त्याच प्रकारची असतात.

मी हॉटेलात नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेतो. मला तिथे कोण विचारणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दर वेळी वाईट वाटतं. खानावळ चालवणाऱ्या ताई, मिसळीच्या गाडीवरचे दादा, वाडीत पुरणपोळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू, सगळे असंच विचारतात. जणू पांढरा कोट आणि उंच टोपी असल्याशिवाय स्वयंपाक हा धंदाच नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागातल्या बैठकीला एकदा लग्नाची कामं घेणारे एक आचारी आले. शेवटच्या रांगेत बसले होते. विषय होता मोठ्या प्रमाणावर भात शिजवण्याचा, आणि आमच्यातल्या एका तरुण शेफचा मसालेभात बँक्वेटला नेहमी तळाशी लगदा आणि वर कच्चा राहत होता. मापं, फोटो, सगळं त्यानं दाखवलं. मागून दादा म्हणाले, “आधणाचं पाणी थंड घालतोस का?” तो हो म्हणाला. मग दादा पुढे आले. पंचवीस किलोच्या टोपात थंड पाणी ओतलं की ते उकळीला येईपर्यंत तळाचे दाणे फुगून बसतात आणि वरचे नुसते भिजतात. म्हणून शेजारच्या चुलीवर पाणी खळखळ उकळत ठेवायचं, तांदूळ मसाल्यावर परतून दाणा तडतडायला लागला की तेच ओतायचं. पाणी आटून भातावर भोकं दिसू लागली की खालचा जाळ ओढून घ्यायचा, ओल्या फडक्यानं झाकणाची कड बंद करायची आणि वर निखारे ठेवायचे. झाऱ्यानं ढवळायचं नाही, उलथण्यानं कडेनं एकदाच उचलायचं. पाच-सहा वाक्यांत झालं. हॉटेलातली पोरं वह्या काढून लिहीत होती.

तर तुम्हाला विचारतात, आणि चांगलं विचारतात. अर्ज भरताना पदवी नसेल तर अडून राहू नका, कामाचा अनुभव लिहा. नोकरी असेल तर मालकाचं किंवा हेड शेफचं पत्र जोडा. स्वतःचा धंदा असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना हा सगळ्यात सोपा पुरावा. तो अजून काढला नसेल तर सभासदत्वाच्या आधी तो काढा.

२० ऑक्टोबरला नेमकं काय असतं?

तो आंतरराष्ट्रीय शेफ दिन. दक्षिण आफ्रिकेतले शेफ बिल गॅलघर यांच्या पुढाकारानं २००४पासून वर्ल्डशेफ्सनं तो सुरू केला. दिवसाचा मुख्य भाग म्हणजे शेफनी लहान मुलांबरोबर स्वयंपाक करायचा, त्यांना खाण्याबद्दल सांगायचं. दिल्लीत इंडियन कलिनरी फोरमचे वार्षिक शेफ पुरस्कार याच सुमारास असतात. बाकी ठिकाणी केक, फोटो, भाषणं होतात. होऊ देत, पण मुलांचा कार्यक्रम सोडू नका.

आम्ही महापालिकेच्या एका शाळेत गेलो होतो, थालीपीठ करायला. भाजणी आम्ही नेली होती, कांदा आणि कोथिंबीर मुलांनी आणली. चौथीतल्या एका मुलीनं गोळा हातात घेतला, ओल्या फडक्यावर थापला, बोटांनी मधे एक आणि कडेनं चार भोकं पाडली आणि फडकं तव्यावर उलटं करून अलगद सोडवलं. एक चीर पडली नाही. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, आई कामावर जाते, धाकट्याला मीच करून देते. आम्ही पाच शेफ तिच्याकडे बघत उभे होतो. त्या दिवशी तिला आम्ही आमच्यातलाच एक एप्रन दिला, तो तिच्या घोट्यापर्यंत येत होता.

२०२६मध्ये २० ऑक्टोबरला मंगळवार आहे आणि त्याच दिवशी दसरा आहे. दोन्ही गोष्टी एका दिवशी आल्या याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या किचनमध्ये दसऱ्याला सुऱ्यांची पूजा असते. आदल्या रात्री शेवटची ऑर्डर गेली की सगळ्या सुऱ्या दगडावर लावायच्या, धुऊन कोरड्या करायच्या आणि सकाळी केळीच्या पानावर मांडायच्या. बाजूला झारा, कढई, वजनकाटा, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. हेड शेफपासून भांडी घासणाऱ्या मामांपर्यंत सगळे हळदकुंकू वाहतात. मामांचा मान पहिला असतो, कारण त्यांच्यावाचून सकाळचा नाश्ताच निघत नाही. दसऱ्याला हॉटेलं भरलेली असतात, त्यामुळे मुलांचा कार्यक्रम आदल्या आठवड्यात घ्या. त्या दिवशी शाळेलाही सुट्टीच असणार.

बैठका कायम दुपारीच का? आणि तिथे होतं काय?

दुपारचं जेवण आवरून रात्रीची तयारी सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सहा, एवढाच वेळ स्वयंपाक्याचा स्वतःचा असतो. शनिवार-रविवारी आमच्यापैकी कुणीही मोकळा नसतो, म्हणून सोमवार किंवा मंगळवार. ब्रेक शिफ्टवाल्यांनी, म्हणजे दुपारी सुट्टी घेऊन रात्री परत कामावर येणाऱ्यांनी, खोलीवर जाऊन झोपायचं सोडून यायचं असतं, याची जाणीव बोलणाऱ्यानं ठेवावी आणि भाषण आवरतं घ्यावं.

उत्तम बैठक म्हणजे ज्यात समोर शेगडी पेटते. मागे एकदा मालवणकडच्या एका स्वयंपाकिणीनं सोलकढी दाखवली. विषय साधा वाटला, पण बुफेवर तासाभरात फुटलेली, तळाशी गुलाबी पाणी आणि वर चोथ्यासारखी साय आलेली सोलकढी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यांनी नारळाचं घट्ट आणि पातळ दूध वेगळं काढलं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वेगळ्या भांड्यात, त्यात ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची. आगळात मीठ आधीच असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. दोन्ही भांडी बर्फावर. लागेल तेवढंच एकत्र करायचं, अर्ध्या तासाला पुरेल इतकंच, आणि ही कढी विस्तवावर चढवायचीच नाही, कारण आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की नारळाचं दूध फुटणारच. दुसऱ्या दिवशी आम्ही बुफेवर मोठा जार ठेवणं बंद केलं.

अशा बैठका आपल्या मातीतल्या मालावर व्हाव्यात, ही माझी जुनी मागणी आहे. आजऱ्याचा घनसाळ, मुळशीचा आंबेमोहर, भिवापुरी मिरची, मंगळवेढ्याची ज्वारी, नवापूरची तूरडाळ, वेंगुर्ल्याचा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम या सगळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गोव्यात खोलची मिरची, हरमलची मिरची आणि बेबिंका. मानांकनाचा कागद शेतकऱ्याला तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा आपण खरेदीच्या यादीत नुसतं ‘सुवासिक तांदूळ’ न लिहिता नाव लिहितो. आंबेमोहर म्हणून दुसराच बुटका तांदूळ गळ्यात मारणारे बाजारात कमी नाहीत. खात्रीच्या माणसाकडून एक वाटी आणा, बाजारची एक वाटी घ्या, दोन्ही शेजारी शिजवा आणि झाकण उघडल्यावर वास घ्या. फरक नाकालाच कळतो.

स्पर्धेत भाग घ्यायचाय. गुण कसे देतात?

वर्ल्डशेफ्सच्या पद्धतीनं चालणाऱ्या गरम स्वयंपाकाच्या स्पर्धेत १००पैकी निम्मे गुण चवीला असतात. उरलेले पूर्वतयारी, स्वच्छता, पद्धतशीर काम, वेळेत वाढणं आणि मांडणी यांत वाटलेले. ही वाटणी लक्षात ठेवा. आमची पोरं पंधरवडाभर ताटावर ठिपके काढायचा सराव करतात आणि रस्सा चाखत नाहीत.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. इथे पदक नंबरावर मिळत नाही, गुणांवर मिळतं. ९० आणि त्यावर सुवर्ण, ८० ते ९०च्या आत रौप्य, ७० ते ८०च्या आत कांस्य, आणि पुरे १०० मिळाले तर विशेष श्रेणीचं सुवर्ण. म्हणजे एका गटात पाच जणांना सुवर्ण मिळू शकतं आणि एखाद्या गटात एकालाही नाही. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तुमचा शत्रू नसतो. त्याचा गॅस विझला तर लायटर द्या.

माझ्या पहिल्या स्पर्धेचं सांगतो. सुरमई केली होती, तिरफळं घालून, सोबत तांदळाची बोरं. चव जमली होती, परीक्षक तसं म्हणालेही. मग त्यांनी माझा कटिंग बोर्ड बोटानं ढकलला. तो सरकला, कारण खाली ओलं फडकं घातलं नव्हतं. मग निळ्या बोर्डाकडे बोट दाखवलं: मासळी त्यावर कापली होती आणि कडेला कोथिंबिरीची दोन पानं चिकटलेली होती. घाईत मी सजावटीची कोथिंबीर त्याच बोर्डावर चिरली होती. हिरवा बोर्ड हातभर अंतरावर कोरडा पडून होता. गुण तिथे गेले आणि ते जायलाच हवे होते. त्या ताटातलं माणसानं खाल्लं असतं.

घरी सराव करताना एवढं करा. घड्याळ लावून पूर्ण पदार्थ निदान सहा-सात वेळा करा, तेही दिलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं कमी धरून. गरम पदार्थाची ताटं गरम आणि थंड पदार्थाची थंड असली पाहिजेत, हे सांगूनही दर वर्षी विसरतात. सालं, देठ, काटे एका पारदर्शक डब्यात जमवा, परीक्षक कचरा बघतात. माशाच्या डोक्याचा आणि काट्यांचा स्टॉक केलात तर डब्यात उरेल काय? ‘मिस्ट्री बॉक्स’ असेल, म्हणजे सामान ऐनवेळी कळणार असेल, तर डोक्यात पाककृती घेऊन जाऊ नका, पद्धती घेऊन जा: एक वाफवण्याची, एक भाजण्याची, एक रस्सा, एक आंबट-गोड चटणी. बॉक्समध्ये काहीही निघो, या चारांपैकी एकीत बसतं. आणि शेवटी ओटा पुसून जागा सोडा. खूप जण ताट दिलं की टाळ्या घ्यायला पळतात, मागे पसारा तसाच.

पाककृती इंग्रजीतच लिहावी लागते का?

स्पर्धेचा अर्ज आणि पाककृतीचा कागद बहुधा इंग्रजीत मागतात, कारण परीक्षक वेगवेगळ्या राज्यांचे, कधी परदेशीही असतात. कुणाची तरी मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. पदार्थाचं नाव मात्र बदलू नका. आमटीला आमटी म्हणा, ‘मसूर सूप’ करू नका. भरीत, झुणका, खतखतं, शेवळाची भाजी ही नावं तशीच लिहून खाली एका ओळीत काय आहे ते सांगा. परीक्षकानं तोंडी विचारलं आणि इंग्रजी अडलं, तर हिंदीत किंवा मराठीत बोला. टेबलाशी बोलीभाषेत उत्तर देऊन रौप्य घेतलेला मुलगा मी पाहिला आहे.

अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणाचा एवढा आग्रह का?

कायदाच तसा आहे म्हणून, आणि लोक आपल्या हातचं खातात म्हणून. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६चा. त्याखाली ‘फोस्टॅक’ नावाचं प्रशिक्षण २०१७पासून चालतं आणि दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे. संघटना एकत्र तुकडी भरवते तेव्हा छोट्या धंदेवाल्यांनाही त्यात बसता येतं. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्या. १ जानेवारी २०२२पासून ग्राहकाच्या बिलावर एफएसएसएआय क्रमांक छापणं बंधनकारक आहे, तुमच्या बिलबुकावर तो आहे का बघून घ्या.

प्रशिक्षणातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे अन्न रेंगाळू द्यायचं नाही. आपल्याकडे सगळ्यात मोठा धोका भाताचा आणि वरणाचा. रात्रीचा उरलेला मोठा टोप तसाच ओट्यावर ठेवतात, मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो. पसरट थाळ्यांत दोन बोटं जाडीनं ओता, पंख्याखाली वाफ जाऊ द्या आणि लगेच फ्रीजमध्ये टाका.

तळणाचं तेल किती वेळा वापरायचं?

किती वेळा यापेक्षा त्याची अवस्था काय, हे बघायचं. १ जुलै २०१८पासून नियम आहे: तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं (पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. मोजायला छोटं यंत्र मिळतं, तीन-चार छोट्या धंदेवाल्यांनी मिळून एक घ्यावं. यंत्र नसलं तरी तेल काळं पडलं, फेस बसेना, कमी आचेवर धूर यायला लागला, की समजा. जुन्यात नवं ओतून दिवस काढू नका, नवंही लगेच बिघडतं. वापरलेलं तेल नाल्यात ओतू नका आणि गाडीवाल्याला स्वस्तात विकूही नका, ते परत कुणाच्या तरी वड्यात जातं. ‘रुको’ योजनेखाली अधिकृत संकलक ते बायोडिझेलसाठी घेऊन जातात. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरत असाल तर नोंदवही ठेवावी लागते.

किचनमध्ये मी एकटीच मुलगी आहे. मेळाव्याला आले तर अवघडल्यासारखं होईल का?

पहिल्या दहा मिनिटांत कदाचित होईल. म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या हॉटेलातल्या एखाद्या मैत्रिणीला सोबत घेऊन या. हल्ली बाकांवर मुली बऱ्याच दिसतात, पण कार्यक्रम रात्री उशिरा संपला की पुढच्या वेळी त्या येत नाहीत. हा दोष कार्यक्रम ठरवणाऱ्यांचा. कार्यक्रम सहाच्या आत संपवा आणि कपडे बदलायला मुलींसाठी कुलूप लागणारी खोली ठेवा, हे मी प्रत्येक वेळी लेखी मागतो.

मुंबईची गार्गी-मैत्रेयी शोधायला लांब जायला नको. गिरणगावात गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या दारात नेऊन कर्ज मिळवून दिलं. माझ्या लेखी स्वयंपाक्यांची याहून मोठी संघटना आपल्याकडे झाली नाही. आणि मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना २०१८मध्ये बँकॉकमधल्या त्यांच्या ‘गा’ या रेस्टॉरंटसाठी मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांचा जगभर नावाजलेला मान, मिळाला. तो मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

विद्यार्थ्यांना प्रवेश आहे का?

आहे, आणि खुर्च्या लावायला, भाज्या निवडायला थोडं लवकर आलात तर बरं. ज्येष्ठ शेफच्या शेजारी उभं राहून पालेभाजी निवडताना जे कळतं ते व्याख्यानात कळत नाही. दादरचं केटरिंग कॉलेज, म्हणजे आयएचएम मुंबई, १९५४चं. गोव्यात पर्वरीला, पुण्यात शिवाजीनगरला अशा संस्था आहेत. बारावीनंतरची पदवी परवडत नसेल तर दहावीनंतर दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट कोर्स आहे. तो केलेले कितीतरी जण आज मोठी किचन चालवतात.

‘बेस्ट शेफ पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे’ असा फोन आला. खरा असेल का?

पुढच्या वाक्यात पैसे मागितले असतील तर फोन ठेवा.

मलाही असा फोन आला होता. अमुक इतके हजार भरा, पंचतारांकित हॉटेलात सोहळा, ट्रॉफी, फोटो, मासिकात पान. माझ्या हातचं एक घासही त्यांनी खाल्लं नव्हतं, मी कुठल्या किचनमध्ये आहे हेही त्यांना धड सांगता आलं नाही. मी नाही म्हणालो. पण आमच्याच किचनमधल्या एका कोमीनं कर्ज काढून अशी ट्रॉफी घेतली. गावाकडे आईनं ती देवघरात ठेवली आहे. ते कर्ज तो वर्षभर फेडत होता. या प्रकाराची मला मनापासून चीड आहे.

स्पर्धेची प्रवेश फी वेगळी, ती सामान आणि जागेसाठी असते आणि नियमपत्रकात छापलेली असते. नियमपत्रक मागा. परीक्षक कोण, गुण कसे, वर्ल्डशेफ्सची मान्यता आहे का, हे विचारा. तारखांचंही तसंच, फिरत आलेल्या मेसेजवर रजा टाकू नका, संघटनेच्या पत्रकावरूनच तारीख घ्या.

परगावाहून येताना काय काय आणायचं?

स्वच्छ कोट, एप्रन, टोपी, पुढून बंद असलेले न घसरणारे बूट, दोन सुती फडकी, वही. स्पर्धा असेल तर स्वतःच्या सुऱ्या. त्या कापडी रोलमध्ये बांधून, बॅगेत तळाशी, आणि सोबत हॉटेलचं पत्र. स्टेशनवर तपासणीत अडवलं तर पत्र उपयोगी पडतं. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांनी आधी कळवा, कुणा ना कुणाच्या स्टाफ रूमवर एक रात्र सोय होते.

परदेशात जायची संधी कशी मिळते?

स्पर्धांतून नाव झालं की निवड चाचण्यांचा रस्ता उघडतो. जर्मनीत १९००पासून भरणारं पाककलेचं ऑलिंपिक दर चार वर्षांनी असतं, २०२०ला आणि २०२४ला ते स्टुटगार्टला झालं. ल्योंमधली बोक्यूज द’ऑर स्पर्धा १९८७पासूनची. वर्ल्डशेफ्सचं अधिवेशन २०२४ला सिंगापूरला झालं, २०२६साठी वेल्समधलं न्यूपोर्ट ठरलं. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनी एमिरेट्स कलिनरी गिल्डच्या कार्यक्रमांना जरूर जावं, तिथे मराठी आणि कोकणी कानावर पडतेच.

कार्यक्रमात जेवण असतं का?

असतं, आणि ते आम्हीच करतो. पाळी ठरलेली आहे. मागच्या वेळी कोल्हापूरकडच्या मंडळींची होती, तांबडा-पांढरा दोन्ही. पांढऱ्या रश्श्यात खसखस जास्त की काजू, यावर जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. वाढायला ज्येष्ठ शेफ उभे राहतात आणि नवे, कोमी, विद्यार्थी, भांडी घासणारे मामा हे आधी बसतात. तुम्ही पहिल्यांदाच येत असाल तर तुमचं पान पहिल्या पंगतीत आहे. किती जण येताय एवढं मात्र आदल्या दिवशी सकाळपर्यंत कळवा, तांदूळ त्या हिशेबानं भिजवायचा असतो.